सहा शहरांचं प्रस्थान

दिग्रसच्या हिवाळ्याची पहिली खूण म्हणजे नाकात गेलेली रुई. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच कापसाच्या बैलबंड्या रस्त्याला लागतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे झुबके लटकू लागतात. कापसातून सरकी काढणाऱ्या जीनमधला पट्टा दिवसभर घरघरतो. सरकीचा तेलकट वास कपड्यांत, केसांत, वह्यांच्या पानांतही शिरतो. सकाळी तोंडातून वाफ निघते, दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो, आणि चौकात म्हातारी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन बसली की मला माझ्या वयाचा विसर पडतो. या ऋतूने आमच्या पिढ्यांना खायला घातलं आहे. त्याच्यावर रागावायचं मला काही कारण नाही.

पण रुईबरोबर गावात आणखी एक गोष्ट दरसाल उडू लागते. दादासाहेब वकिलांचं युरोप.

शाळेच्या कार्यकारी मंडळाची हिवाळ्यातली पहिली सभा त्यांच्या दिवाणखान्यात असते. कोणी तरी नवा माणूस हजर असतोच, बदलून आलेला तहसीलदार, नाही तर बँकेचा नवा एजंट. चहा होतो. दादासाहेब लोडाला टेकतात, मफलर गळ्याभोवती नीट करतात आणि सुरू करतात, “त्या वर्षी आम्ही निघालोच होतो. नेपल्स, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन. सहकुटुंब. ऐन बर्फात.” मग निःश्वास. “पण योग नव्हता. एका अडाणी माणसाच्या हातून प्रस्थान मोडलं.” नवा माणूस हळहळतो. आणि दादासाहेब माझ्याकडे हात करून म्हणतात, “विचारा राठोड मास्तरांना. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं.”

मी मान हलवतो. या वर्षीही हलवली. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तो अडाणी माणूस माझा बाप.

आधी ऋण सांगितलं पाहिजे. मी दिग्रसपासून दोन कोसांवरच्या तांड्यातला. आमच्या तांड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिक झालं नव्हतं, बी. ए. तर लांबच राहिलं. यवतमाळच्या कॉलेजात गेलो तेव्हा वसतिगृहात फुकट जागा मिळावी म्हणून दादासाहेबांनी चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी त्यांनी दोन मिनिटांत लिहिली असेल, पण तिच्यावर मी चार वर्षं झोपलो, जेवलो, अभ्यास केला. भूगोल घेऊन पदवी मिळाली, आणि गावातल्या हायस्कुलात दोन वर्षांच्या कच्च्या नोकरीवर लागलो तोही त्यांच्याच शब्दाने. ते मंडळाचे अध्यक्ष. हे मी नाकारत नाही. उपकार करणारा माणूस क्षुद्र निघाला म्हणून उपकार खोटा होत नाही, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच आहे.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझी कच्ची नोकरी डिसेंबरअखेर संपत होती. त्यानंतर कायम, नाही तर घरी. कायमपणाच्या कागदावर सही दादासाहेबांची. माझ्या पगारावर धाकटा भाऊ शाळेत होता आणि माझी याडी, म्हणजे आई, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची पहिल्यांदाच थांबली होती. बाप मात्र अजून बंडी हाकत होता.

त्याच सुमारास यवतमाळचा एक वकील विलायतेला जाऊन आला. त्याने कोर्टाच्या बाररूममध्ये फोटो दाखवले. एका फोटोत तो लंडनच्या एका पुलावर टोपी हातात धरून उभा होता. दादासाहेब यवतमाळहून परतले ते एस. टी.तून उतरतानाच ठरवून उतरले. “त्याने एक शहर पाहिलं,” ते मला म्हणाले, “आपण सहा पाहू. आणि तो एकटा गेला. आपण बायकामुलांसह जाऊ.” त्यांना युरोप बघायचं नव्हतं. त्यांना त्या बाररूममध्ये फोटो दाखवायचे होते. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी मी शाळेचा मोठा नकाशासंग्रह काखेत मारून त्यांच्याकडे गेलो.

दादासाहेबांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येई. पण जहाजाच्या कंपन्यांना, पासपोर्टच्या कचेरीला, परदेशी चलनाच्या खात्याला पत्रं लिहिणं हे त्यांच्या मते कारकुनाचं काम. शिवाय माझं अक्षर चांगलं. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या दिवाणखान्यात. बाहेर उन्हात त्यांच्या पत्नी माईसाहेब पापड वाळवत आणि आत आम्ही खंड वाटून घेत असू.

“राठोड, व्हिएन्नात काय आहे?”

“संगीत आहे म्हणतात.”

“मग दोन दिवस पुरे. पॅरिसला चार लिहा.”

“रोमला, दादासाहेब?”

“रोमला जुनी पडकी देवळं आहेत ना? एक दिवस. पडकं आपल्याकडे काय कमी आहे!”

व्हेनिसला रस्त्यांच्या जागी पाणी आहे असं मी सांगितलं तेव्हा माईसाहेब पापड टाकून आत आल्या. “म्हणजे धुणं दारातच! बरंय की हो मास्तर. पण ते पाणी वाहतं असतं का साचलेलं?” हा त्यांचा विनोद नव्हता. साठ दिवसांच्या मेतकुटाचा, भाजणीचा, कुरड्यांचा आणि चार बरण्या लोणच्याचा हिशेब त्यांनी पहिल्या आठवड्यातच मनात मांडला होता. स्टोव्ह बरोबर न्यायचा. जहाजावर कोणाच्या हातचं खायचं हा प्रश्न गुरुजींपर्यंत गेला. गुरुजींनी समुद्रावर दोष लागत नाही असा निर्णय दिला, पण जमिनीला पाय लागला की लागतो. तेव्हा नेपल्सला उतरल्या उतरल्या स्टोव्ह पेटवायचा असं ठरलं. व्हिएन्नाच्या हॉटेलात सोवळं कुठे वाळत घालायचं हे मी पत्राने विचारावं असंही एकदा सुचवण्यात आलं. ते पत्र मी लिहिलं नाही, आणि आजवर त्यांच्यापुढे दाखवलेलं माझं धैर्य ते एवढंच.

बर्फाची सवय व्हावी म्हणून घरात पहाटे विहिरीच्या गार पाण्याने आंघोळी सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी दोन मुलांतला मोठा, अरविंद, तापाने फणफणला. तो माझ्याच वर्गात होता, भूगोलात नापास. काट्याचमच्याचा सराव पोळीवर होई. दादासाहेब काटा असा धरत की समोरच्या साक्षीदाराला भोसकायचंच बाकी आहे. यवतमाळच्या शिंप्याकडून घोंगडीसारख्या जाड कापडाचे चार ओव्हरकोट शिवून आले. ते घालून चौघं गच्चीवर उन्हात बसत. खालून जाणारे बंडीवाले वर बघत आणि बैलांना म्हणत, “चाल बाप्पा, इथं अस्वलं उतरले.”

आणि मी? मी मनापासून गुंतलो होतो. समुद्र मी आजही पाहिलेला नाही. पण आलेखाच्या कागदावर मी सहा शहरांचं वेळापत्रक उभं केलं होतं. कुठे सूर्य किती वाजता मावळतो, कोणत्या खिंडीतून आगगाडी जाते, कोणत्या नदीवर कोणतं शहर. शाळेच्या ग्रंथालयातले जुने ज्ञानकोश मी त्या दोन महिन्यांत वाचून काढले. रविवारी मी जे शिकत होतो ते सोमवारी मुलांना शिकवत होतो. माझ्या आयुष्यातले ते फार आनंदाचे दिवस होते, आणि ते ज्या दिवाणखान्यात गेले त्या दिवाणखान्याचा मला आता विटाळ वाटतो.

त्यांच्या खिडकीतून आमच्या तांड्याची टेकडी दिसते. दोन कोस. त्या घरातल्या कोणाचं पाऊल कधी तिकडे पडलेलं नाही. पॅरिसच्या चार दिवसांत काय काय पाहायचं याची यादी चालू असताना माईसाहेबांनी मला विचारलं होतं, “मास्तर, तुमचा तांडा नेमका कोणत्या बाजूला हो?” मी खिडकीतून बोट दाखवलं. “अगबाई, इतक्या जवळ?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा पॅरिसकडे वळल्या.

आमची माणसं चालणारी. माझ्या बापाच्या आजोबाच्या काळापर्यंत आमची लदेणी चाले, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून नेण्याचा धंदा. आगगाडी आली आणि ती बसली. म्हाताऱ्या बायका गातात त्या गाण्यांत अजून अशा गावांची नावं येतात की मला ती नकाशात शोधावी लागतात. इतकी चाललेली माणसं, पण गावाने आम्हाला नाव दिलं भटके. आणि नागपूर सोडलं तर एकदाच लग्नाला पुण्यास गेलेला माणूस तिकिटाची चौकशी करणारं पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतो तेव्हा तो प्रवासी होतो. मी हे त्या वेळी मनातही बोललो नव्हतो. तेव्हा मी वेळापत्रक करत होतो.

नोव्हेंबर अर्धा सरला. पासपोर्ट यायचे होते, चलनाची परवानगी यायची होती, जहाजाची जागा पक्की नव्हती. पण गुरुजींच्या पंचांगात पश्चिमेच्या प्रवासाला एकच मुहूर्त निघाला, आणि तो होता पुढच्या गुरुवारी. त्यानंतर दोन महिने काही नाही. मग प्रस्थान ठेवायचं ठरलं.

नव्या वाचकांना ही रीत ठाऊक नसेल. मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर आपलं थोडं सामान, त्यात हळदीचे तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून, जायच्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. खरं निघताना ते तिथून उचलायचं. तोवर गाठ सोडायची नाही आणि गाठोडं रिकामं परत घरात आणायचं नाही. आणलं तर घरावर संकट. साधारण दहा दिवसांत निघावं असा नियम. गावी नाही तर काशीला जाणाऱ्यासाठी ही रीत ठीक आहे, त्याची बैलगाडी त्याच्या हातात असते. ज्याची परवानगी मुंबईच्या कचेरीत अडकली आहे त्याने प्रस्थान ठेवणं हे फक्त दादासाहेबांच्या घरातच सुचू शकतं. वकील मनुष्य, पण सरकारचा शिक्का पंचांग बघून पडत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वकिलांच्या घराच्या पश्चिमेला तीनच जागा. एक जीन, एक पिंजाऱ्याचं घर आणि ओढ्याकाठची कवेलूंच्या छपराची माझी भाड्याची खोली. गुरुजी बराच वेळ नाक चोळत राहिले. शेवटी माझी खोली चालेल असं ठरलं. मी शाळेत असताना माईसाहेबांची मोलकरीण येऊन जमीन शेणाने सारवून, कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडून गेली. मी परत आलो तर माझीच खोली मला परकी वाटली. आणि गुरुवारी सकाळी वाजतगाजत होल्डॉलच्या दोन वळकट्या आणि एक लाल फडक्याचं गाठोडं माझ्या खाटेशेजारच्या पाटावर येऊन बसलं. होल्डॉलात ओव्हरकोट आणि लोकरीचे कपडे, गाठोड्यात तांदूळ आणि पापडांचा एक डबा. “आता आम्ही निघालो,” दादासाहेब गंभीरपणे म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

आठ दिवसांनी मुंबईहून पाकीट आलं. पाकिटं मीच फोडत असे, तशी त्यांचीच आज्ञा होती. आत चार ओळी होत्या. करमणुकीच्या प्रवासासाठी परदेशी चलन देता येत नाही, अर्ज नामंजूर. मी ते दादासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं आणि एका जाड कायद्याच्या पुस्तकात ठेवून दिलं.

“घरात बोलू नका, राठोड.”

“पण तयारी...”

“मी बघतो.”

मला वाटलं, एकदोन दिवसांत सांगतील. वाईट वाटणारच माणसाला. पण नंतरचे तीन आठवडे त्या घराने जे केलं ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते. निरोपाची जेवणं झाली. हळदीकुंकवं झाली. माईसाहेबांनी लोकरीच्या, गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा आणखी एक जोड विणून संपवला. जहाजाची तारीख पुढे गेली, असं दादासाहेब सांगत, आणि दहा दिवसांचा नियम गुरुजी समुद्रासाठी सैल करत. शाळेत निरोपसमारंभ झाला. मुलांनी हार घातला, गुलाबपाणी शिंपडलं, “जगाच्या प्रवासाला निघालेल्या आमच्या अध्यक्षांना” असं मानपत्र वाचलं गेलं. ते मानपत्र मी लिहिलं होतं. दादासाहेबांनी उत्तरादाखल पाऊण तास भाषण केलं, त्यात सहाही शहरं आली. त्यांच्या घरातल्या पुस्तकात ते पत्र होतं, आणि गळ्यात झेंडूचा हार. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना मी डिसेंबरचे उरलेले दिवस मोजत होतो.

मग अवकाळी आला. ऐन कापसाच्या दिवसात एका पहाटे असा पाऊस कोसळला की बाजारातल्या बंड्यांवर ताडपत्र्या टाकायलाही वेळ मिळाला नाही. माझ्या कवेलूंनी पाणी सोडलं ते नेमकं पाटावर. मी उजाडताच शाळेच्या छताची सोय लावायला धावलो. होल्डॉल भिजताहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाप त्या दिवशी कापूस घेऊन आला होता. पावसामुळे खरेदी बंद, म्हणून बंडी माझ्या दारात सोडून तो आत आला. हरसिंग त्याचं नाव. मी त्याला बा म्हणतो. तो आमच्या बोलीत बोले, गावात वऱ्हाडीत. इथे मी सगळं वऱ्हाडीतच लिहितो.

दुपारी ऊन पडलं आणि शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला, तोंडावर हात धरून. “मास्तर, घरी जा. तुमच्या दारापुढं इलायत वाळत टाकली हाये.”

मी पोचलो तेव्हा ओढ्याकाठी निम्मं गाव जमलं होतं. दोन झाडांना बांधलेल्या बंडीच्या दोरावर दादासाहेबांचं युरोप लटकत होतं. चार ओव्हरकोट, हात पसरून. त्यांच्या शेजारी लोकरीचे पायजमे, कानटोप्या, माईसाहेबांचे लांबलचक मोजे. खाटेवर भिजलेले पापड मांडले होते. आणि खाटेच्या पायाशी माझा बाप लिंबाच्या डहाळीने शेळ्या हाकलत बसला होता.

“काहो, वकीलसायेब पोचले का प्यारिसले?” गर्दीतून कोणी ओरडलं.

“कोट पोचले. सायेब मांगून येऊन राह्यले!”

“अबे, या पायजम्यात तं दोन वकील मावतीन!”

मी बापाजवळ गेलो. “बा, हे काय केलं?”

“सारं भिजलं होतं रे. वास मारून राह्यलं होतं. लोकरीले पाणी लागलं का कसर लागते. कोणाचा माल हाय हा? असा बांधून काहून ठेवला?”

“आणि तांदूळ? लाल फडक्यातले?”

“ते? बैलायले देल्ले. भिजेल तांदूळ माणूस खाते का?”

दोन्ही बैलांच्या तोंडाला हळद लागलेली होती.

मी त्याला प्रस्थान म्हणजे काय ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे माणूस घरी, आन् गठुडं परवासाले?” त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

वकिलांकडून बोलावणं आलंच. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. सरकारने तीन आठवड्यांपूर्वीच नाही म्हटलंय, पत्र दादासाहेबांच्या पुस्तकात आहे, घरात कोणाला ठाऊक नाही.

“मंग त्या बाईले काहून नाई सांगत?”

“लाज वाटते त्यांना.”

“कायची लाज? नदीले पूर आला तं तांड्याचा नायक परत येऊन सांगे, आज निघत नाई. त्यात कायची लाज?” थोडं चालल्यावर त्याने विचारलं, “तुया कायमचा कागद झाला?”

“नाही. त्यांच्याच टेबलावर आहे.”

त्याने पागोटं नीट केलं आणि पुढे चालू लागला.

दादासाहेबांनी मला आधी एकट्याला आत घेतलं. मला वाटलं होतं ते संतापलेले असतील. त्यांचा चेहरा पाहून मला धक्का बसला. तो सुटलेल्या माणसाचा चेहरा होता. तीन आठवडे ते दाराची वाट शोधत होते, आणि ते दार माझ्या बापाने उघडून दिलं होतं.

“राठोड, तुम्ही शहाणे आहात.” त्यांनी माझी फाइल पुढे ओढली, कायमपणाचा कागद वर काढला, टाकाचं टोक दौतीत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. “वडिलांच्या हातून प्रस्थान मोडलं. त्यामुळे आता जाणं शक्य नाही. एवढं बाहेर चारचौघांत सांगा. दोन शब्द माफीचे. मी सही करतो.”

“पण दादासाहेब, ते पत्र...”

“कोणतं पत्र?” टाकावरून शाईचा थेंब दौतीत पडला.

बाहेर अंगणात माईसाहेब झोपाळ्यावर होत्या. डोळे सुजलेले. गुरुजी होते, शेजारपाजार होता, दोन्ही मुलं होती. माझा बाप तुळशीपासून चार हात लांब, पागोटं हातात घेऊन उभा होता. त्या अंगणात तो नेहमी तेवढ्याच अंतरावर उभा राही. ते अंतर त्याला कोणी मोजून दिलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. “माझ्या वडिलांनी...” एवढंच निघालं. पुढच्या वाक्याला दोन वाटा होत्या. एका वाटेला मुंबईच्या पत्राच्या चार ओळी, दुसऱ्या वाटेला याडी, भाऊ आणि कोरडा न झालेला टाक.

“म्याच सोडली गाठ, बाई,” बाप म्हणाला. “तांदूळबी म्याच बैलायले चारले. पोऱ्याले ठाव नव्हतं. तो शाळंत होता. त्याचा काई गुन्हा नाई.”

त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता. त्याने आपण केलं तेवढंच सांगितलं आणि बाकीचं खोटं त्यांच्यासाठी मोकळं सोडलं.

“प्रस्थानभंग,” गुरुजी म्हणाले. “आता जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण.”

“सहा शहरं होती हो, सहा!” माईसाहेब रडू लागल्या. “मला बर्फ बघायचा होता.”

इतक्या वर्षांच्या तिरस्कारात माझ्या मनात एकच जागा मऊ राहिली आहे, ती या वाक्याची. त्या बाईला खरोखर बर्फ बघायचा होता. ती आजही समजते की तो माझ्या बापाने तिच्याकडून हिरावला.

दादासाहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला, न्यायाधीशासारखा. “जाऊ द्या. अडाणी माणूस आहे. त्याला प्रवासातलं काय कळणार!”

माझ्या बापाला! गाण्यांतून निम्मा मुलूख तोंडपाठ असलेल्या माणसांच्या वंशाला. आणि कोणी बोललं? काट्याने पोळी खाणारा एक मनुष्य गच्चीवर ओव्हरकोट घालून दोन महिने बसतो, हार गळ्यात घालून घेतो, आपल्या लाजेखातर बायकोला रडवतो, आणि तो बंडीवाल्याला प्रवास शिकवतो. तरी त्या अंगणात त्याच्याहून क्षुद्र एक जण उभा होता. तो बी. ए. होता. भूगोल घेऊन.

बापाने पागोटं बांधलं आणि तो बंडीकडे गेला. दोरावरचे कोट त्यानेच घडी करून होल्डॉलात भरले, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. गर्दी पांगली होती.

डिसेंबर संपायच्या आत माझ्या हातात कागद पडला. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तांड्यावर गेलो. बाप ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. याडी चूल सोडून बाहेर आली. कागद इंग्रजीत होता, तरी बापाने तो मला मोठ्याने वाचायला लावला. पूर्ण. सहीसकट. याडीने पदराला हात पुसून कागदाला बोट लावून पाहिलं.

“म्हणजे आता तुले कोणी काढू शकत नाई?” बापाने विचारलं.

“नाही.”

“वकीलसायेबबी?”

“तेही नाही.”

त्याने दोराचा पीळ अंगठ्याखाली दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं. “मंग आता त्या बाईले खरं सांगशीन ना?”

“हो, बा,” मी म्हणालो.

त्या ‘हो’ला आता सातवा हिवाळा लागला आहे.